सूत खोडाला, कोयता पारंबीला

ज्येष्ठी पौर्णिमेला सकाळी सातच्या आत बडोद्याच्या दांडिया बाजारात वडाच्या डहाळ्यांची लारी, म्हणजे हातगाडी, लागते. ओल्या गोणपाटाखाली हात-दीड हात लांबीच्या डहाळ्या, तुटल्या जागी चीक सुकून पांढरा झालेला, शेजारी आंबे, केळी आणि सुताच्या गुंड्या. झाडापर्यंत जायला ज्यांना सवड नाही त्या एक डहाळी घरी नेतात, मनीप्लांटच्या कुंडीत खोचतात, पूजा करतात, आणि दुसऱ्या दिवशी ती कचऱ्याच्या गाडीत जाते. यावर दरवर्षी हळहळ होते. ‘वड तोडू नका, वड लावा’ असं चित्र व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं. मला त्या डहाळ्यांचं फारसं वाईट वाटत नाही. एवढ्या मोठ्या झाडाच्या चार डहाळ्या गेल्यानं त्याचं काही बिघडत नाही; खेड्यात तर शेळ्या रोज खातात.

माझं दुखणं वेगळं आहे. आमच्या सोसायटीच्या नाक्यावर एक वड आहे. खोडाभोवती गोल ओटा, ओट्यावर तपकिरी-पांढऱ्या टाईल्स, एका अंगाला देवाची देवळी, दुसऱ्या अंगाला कुणाच्या तरी स्मरणार्थ दिलेला बाक. पौर्णिमेला खोड सुतानं असं झाकून जातं की साल दिसत नाही. आणि त्याच्या आठ-दहा दिवस आधी, पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीत, शिडी लावून त्याच्या सगळ्या पारंब्या डोक्यावर हातभर उंचीपर्यंत कापून टाकलेल्या असतात. कोयत्याचा एकेक घाव, खाली पारंब्यांचा ढीग, कापल्या टोकांतून टाईल्सवर दुधाचे थेंब. एकाच झाडाला एकाच महिन्यात हे दोन्ही होतं, आणि त्यात काही चुकतंय असं कुणाला वाटत नाही. खोड म्हणजे देव आणि पारंबी म्हणजे अडगळ, असा हिशेब कधीतरी ठरून गेला आहे.

तो हिशेब उलटा आहे, एवढंच मला सांगायचं आहे. वडात पूजण्यासारखं जे काही आहे ते पारंबीत आहे.

हावड्याच्या वनस्पतिउद्यानातला प्रचंड वड पुष्कळांनी पाहिला असेल. बुरशीनं पोखरल्यामुळे त्याचं मूळ खोड १९२५ साली काढून टाकावं लागलं. त्याला शंभर वर्षं होऊन गेली. झाड दीड हेक्टरहून जास्त जागेवर उभं आहे आणि अजून पसरतं आहे, तीन हजारांवर पारंब्यांच्या आधारानं. तिथे जाऊन ‘मूळ झाड कोणतं?’ असं विचारलं तर बोट दाखवायला जागा नाही. आपल्या जवळचा कबीरवड घ्या. भरूचच्या पुढे नर्मदेच्या बेटावर. बडोद्यातल्या शाळांची एक तरी सहल तिथे जातेच. अठराव्या शतकात जेम्स फोर्ब्स नावाच्या इंग्रजानं त्याची मोठी खोडं साडेतीनशे आणि लहान तीन हजारांवर अशी नोंद करून ठेवली, तीसुद्धा नर्मदेच्या पुरांनी त्याचा बराच भाग वाहून नेल्यानंतर. कबीरानं दातण करून टाकलेल्या काडीतून तो उगवला अशी कथा आहे. कथा कुणीही रचलेली असो, रचणाऱ्याला वड ठाऊक होता. वडाची जून फांदी मातीत रोवली तर रुजते. (कुंडीत खोचलेली कोवळी डहाळी मात्र सहसा वाळते, आमच्या शेजारच्या काकूंनी तीन वर्षं प्रयत्न करून पाहिला.)

म्हणजे वडाचं खोड हा त्याचा मर्त्य भाग. ते कुजतं, पोखरतं, पुरात जातं. झाड पुढे चालतं ते पारंबीवर. नवऱ्याचं आयुष्य वाढावं म्हणून ज्या झाडाला हात जोडायचे, त्या झाडाचं स्वतःचं आयुष्य कशानं वाढतं एवढं तरी पाहायला हवं की नाही? आपल्या पूर्वजांनी पाहिलं होतं. संस्कृतात वडाला न्यग्रोध म्हणतात, खाली वाढणारा. झाडं वर वाढतात ही सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट सोडून, या झाडाची जी खासियत त्यांना दिसली तिच्यावरून त्यांनी नाव ठेवलं. पारंबी कापल्यावर त्या नावात काय उरतं?

पहिले दोन-तीन पाऊस झाले की पारंबी जवळून बघावी. उन्हाळाभर ती वाळक्या दोरखंडासारखी असते, तपकिरी, टोकाशी जटेसारखी विंचरलेली. पाऊस लागला की त्या जटेतून नवी टोकं फुटतात, पिवळट-पांढरी, मोड आलेल्या मटकीसारखी कोवळी. बोटाचा स्पर्श झाला तरी मोडतील असं वाटतं. ही टोकं महिनोन् महिने हवेत लोंबकळत असतात. माती अजून दोन पुरुष खाली आहे, पोचू की नाही याची खात्री नाही, आणि तरी ती निघालेली असतात. ज्या दिवशी माती लागते त्या दिवसापासून पारंबीची चाल बदलते. वाऱ्यावर झुलणं थांबतं, ती ताठ होते, मग जाड होत जाते, आणि काही वर्षांत ज्या फांदीनं तिला खाली सोडलं त्याच फांदीला ती खालून पेलून धरते. लेकरानं मोठं होऊन म्हाताऱ्या आईचा हात धरावा तसं, असं लिहायचा मोह होतो. पण वड इतका भाबडाही नाही. पुष्कळदा तो पक्ष्याच्या विष्ठेतून ताडाच्या नाहीतर दुसऱ्या एखाद्या झाडाच्या शेंड्यात रुजतो, तिथून मुळं खाली सोडतो आणि ज्यानं आसरा दिला त्यालाच वेढून, आवळून संपवतो. जुन्या वाड्यांच्या भिंतींचीही तीच गत. याला शांततेचं प्रतीक म्हणणाऱ्यांनी वड नीट पाहिलेला नसतो. मला त्याचं सौंदर्य त्यामुळे कमी वाटत नाही, उलट जास्त खरं वाटतं.

आता सावित्रीकडे येऊ, कारण सगळा खटाटोप तिच्या नावानं चालतो. वनपर्वातलं आख्यान काढून वाचलं तर त्यात वडाला काहीच काम नाही. वड पुढे व्रतकथांतून आला. मूळ गोष्टीत सत्यवान रानात फळं आणि लाकडं आणायला गेलेला असतो. करंडी भरते, लाकडं फोडता फोडता त्याचं डोकं दुखू लागतं आणि तो सावित्रीच्या मांडीवर डोकं ठेवतो. यम येतो, संवाद होतो, वर मिळतात, सत्यवान जागा होतो. तोवर रात्र झालेली असते. मग एक साधी, घरगुती गोष्ट येते, जी आपण सांगताना नेहमी गाळतो. सावित्री फळांची करंडी झाडाच्या फांदीला अडकवते, उद्या नेऊ म्हणते. कुऱ्हाड मात्र मागे ठेवत नाही. ती स्वतः हातात घेते, नवऱ्याचा हात आपल्या खांद्यावर टाकते आणि अंधारात घरी निघते.

मला व्रताच्या कुठल्याही चित्रात ही सावित्री भेटलेली नाही. चित्रात ती नेहमी ताट घेऊन वडापाशी उभी. पण खरी गंमत या कुऱ्हाडीत आहे. झाडावर चालणारं हत्यार त्या रात्री तिच्या ताब्यात होतं. आज आपण सुताची गुंडी आपल्याकडे ठेवली आणि कोयता दुसऱ्याच्या हाती देऊन मोकळ्या झालो.

व्रताबद्दल दोन्ही बाजूंनी भांडण चालतं. एक बाजू म्हणते, सात जन्म तोच नवरा मागणारं हे बावळट व्रत बंद करा. दुसरी म्हणते, परंपरेला हात लावू नका. मी उपास करते की नाही हा माझा प्रश्न. इंदूर-ग्वाल्हेरकडची आमची नातेवाईक मंडळी शेजाऱ्यांची व्रताची अमावास्या उलटली तरी आपली पौर्णिमाच धरून बसतात, याचं मला कौतुकही आहे आणि हसूही येतं. पण या भांडणात झाड कुठेच नसतं. व्रत सोडणाऱ्या झाडाकडे जायच्या बंद होतात, व्रत करणाऱ्या खोडाभोवती फिरून परत येतात. पारंबीची चौकशी कुणीच करत नाही.

आणि वडाशी नातं फक्त सवाष्णींचं होतं असंही नाही. बुद्धाच्या चरित्रात ज्ञानप्राप्तीनंतरचे काही दिवस तो एका वडाखाली बसतो. अजपाल वड म्हणतात त्याला, शेळ्या राखणाऱ्यांचा वड. तिथे एक ताठ्यातला ब्राह्मण येऊन विचारतो, माणूस ब्राह्मण कशानं होतो? बुद्धाच्या उत्तरात जन्माचा उल्लेखही नाही, सगळं आचरणावर आहे. जैन परंपरेत पहिल्या तीर्थंकरांना, ऋषभदेवांना, केवलज्ञान झालं तेही वडाखाली. आणि आपल्या शहरात, १९१७ साली, गायकवाड सरकारच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियात शिकून आलेला एक तरुण नोकरीवर रुजू झाला आणि त्याला राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिला तर तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं. मुंबईच्या गाडीला अवकाश होता. तो वेळ बाबासाहेबांनी कामाठी बागेत काढला, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. बसले ते एका वडाखाली आणि संकल्प केला तोही तिथेच, असं लोकपरंपरा सांगते. आता त्या जागेला संकल्पभूमी म्हणतात आणि २३ सप्टेंबरला लांबून माणसं येतात.

ज्याला शहरात एक खोली मिळाली नाही त्याला झाडाखाली बसायला जागा मिळाली. ही गोष्ट मी भावनेच्या भरात सांगत नाही. वडाखालची जमीन ही पूर्वापार कुणाच्या मालकीची नसलेली जमीन. शाळा, पंचायत, न्हावी, वाटसरू, सगळे तिथे. इंग्रजीतला ‘बनियन’ हा शब्दसुद्धा गुजराती वाणियावरून गेला. इराणच्या बंदरात आपले व्यापारी त्या झाडाखाली बसत म्हणून युरोपियनांनी झाडालाच वाण्यांचं नाव दिलं. त्या जमिनीवर आपण ओटा बांधतो, टाईल्स लावतो, जाळी ठोकतो, त्या वेळी पारंबीचा रस्ता तर बंद होतोच, माणसाचाही होतो. आमच्या ओट्यावर ‘येथे झोपू नये’ अशी पाटी आहे.

बडोद्यानं तरी असं वागू नये, असं म्हणायला मला थोडा जास्त आधार आहे. इसवी सन ८१२ च्या राष्ट्रकूट कर्काच्या ताम्रपटात वडपद्रक नावाचं गाव दान दिल्याचं आहे. ते तेव्हा अंकोट्टक, म्हणजे आजच्या अकोट्याच्या चौऱ्याऐंशी गावांत मोडत होतं. वटोदर म्हणजे वडाच्या उदरातलं असंही नाव सांगतात. शेजारच्या अकोट्याचं नाव अंकोलाच्या झाडावरून पडलं म्हणतात. विश्वामित्रीच्या दोन काठांवर दोन झाडांची दोन गावं. आपण मराठी लोकांनी बोलता बोलता त्याचं बडोदे केलं आणि ‘व’ गेला तसा वडही नावातून गेला. १९७४ साली सरकारनं वडोदरा हे नाव परत आणलं. गुजराती मंडळींनी तो वड नावात कधी सोडलाच नव्हता, हे त्यांचं श्रेय. आता नावात आहे आणि नाक्यावर टाईल्सखाली आहे.

‘वड इतकेच आहेत तर चार-दोन जुने वारसावृक्ष म्हणून राखा, कठडा बांधा, पाटी लावा, झालं,’ असं सुचवणारे असतात. त्यांच्यासाठी एक फळ फोडून दाखवायला हवं. छांदोग्य उपनिषदात उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, हेच सांगतो. न्यग्रोधाचं फळ आण, फोड, काय दिसतं? बारीक बिया. एक बी फोड, काय दिसतं? काहीच नाही. त्या काहीच नसलेल्यातून एवढा वड उभा आहे, असं बाप म्हणतो. माझी एक बारीकशी शंका अशी की श्वेतकेतूला फळ फोडल्यावर आणखी काहीतरी दिसलं असणार. ज्यानं कधी पिकलेलं वडाचं फळ चिमटीत धरून उघडलं आहे त्याला माहीत आहे, आतून चिलटांएवढे काळे कीटक बाहेर येतात. लहानपणी आम्ही ई करून फेकून द्यायचो.

तो कीटक म्हणजे वडाची इवलीशी गांधीलमाशी. वडाला फूल येत नाही असं आपल्याला वाटतं, कारण फुलं फळाच्या आत असतात, शेकड्यांनी, बंद खोलीत. या खोलीला टोकाशी सुईच्या अग्राएवढं भोक. मादी त्यातून आत शिरते, शिरताना बहुधा तिचे पंख तुटतात, आणि ती परत येत नाही. आत परागकण टाकते, अंडी घालते, मरते. तिची पिल्लं तिथेच वाढतात. नरांना पंखच नसतात. ते माद्यांसाठी बाहेरची वाट कोरतात आणि आतच संपतात. नव्या माद्या परागकण घेऊन उडतात. उंबर-वडाच्या कुळाची आणि या कीटकांची ही सोयरीक सात कोटी वर्षांहून जुनी मानली जाते, आणि वडाच्या वाट्याला आलेली जात वडाशिवाय कुठे जगत नाही.

त्या मादीला आयुष्य दिवस-दोन दिवसांचं. आपल्या झाडाची फळं पिकली, माद्या उडाल्या, तर त्याच सुमाराला दुसऱ्या कुठल्या तरी वडावर कोवळी फळं लागलेली असायला हवीत. म्हणून एका गावातले वड एकाच वेळी फळत नाहीत, आळीपाळीनं फळतात. अकोट्याचा वड, कामाठी बागेतला वड, आमच्या नाक्यावरचा वड, हे एकमेकांच्या संपर्कात आहेत. पाटी लावलेला एकटा वड म्हणजे पत्रव्यवहार बंद पडलेला माणूस. तांबट, कोकीळ, हरियाल, आणि जिच्या मराठी नावातच वड आहे ती वटवाघळं, सगळ्यांचं वर्षभराचं धान्य या आळीपाळीवर चालतं. वड राखायचा तर वडांचं गाव राखावं लागतं.

अडचणी खोट्या नाहीत. पारंब्या रिक्षावाल्याच्या डोक्याला लागतात, विजेच्या तारांत गुंततात, पोरं लोंबकळून पडतात. (सूरपारंब्या खेळून आम्हीही पडलोच, पण ते सोडा.) भिंतीत रुजलेला वड रोप असतानाच काढावा, त्यात पाप नाही. भर रस्त्यावर जिथे खाली जमीनच नाही तिथे पारंबी उतरवून काय करणार, हेही मान्य. पण आडव्या जाड फांदीचा खालचा टेकू दरवर्षी काढायचा, मुळांवर काँक्रीट ओतायचं, आणि पावसाळ्यात ती फांदी मोटारीवर पडली की ‘झाड धोकादायक आहे’ म्हणून पंचनामा करायचा, याला काय म्हणावं? आंध्रात अनंतपूरच्या बाजूला थिम्मम्माचा वड आहे, छत्र दोन हेक्टरांवर, १९८९ साली गिनीजच्या पुस्तकात गेलेला. तिथे कोवळी पारंबी मातीनं भरलेल्या बांबूच्या नळीतून जमिनीपर्यंत उतरवतात. बांबू लागतो आणि दोन पावसाळे धीर लागतो. नळी हवी तिथे उभी करता येते, म्हणजे पारंबी कुठे उतरावी हेही ठरवता येतं, वाटेत न येता.

तोडल्या झाडाच्या बदल्यात रोपं लावण्याबद्दल तर बोलायलाच नको. महाराष्ट्रानं २०२१ साली कायद्यात दुरुस्ती करून पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसावृक्ष म्हटलं आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपं लावायची सांगितलं. हेतू चांगला आहे. पण शंभर वर्षांच्या वडाबदली शंभर गुलमोहर म्हणजे वडाची साल पिंपळाला. वडाबदली वडच लावले तरी त्यांची पहिली पारंबी जमिनीला लागेपर्यंत आपण कुणी नसू. पुनर्रोपणाचंही तसंच. वड चिवट आहे, सगळ्या फांद्या छाटून क्रेननं उचलून नेलं तरी बहुधा जगतो. जगतो म्हणजे खांबाला पानं फुटतात.

गेल्या वर्षी पौर्णिमेच्या आधी शिडी आली तेव्हा मी खाली उतरले. कोयता हातात घेतलेला माणूस पन्नाशीचा असेल. मी त्याला म्हटलं, दोन तरी राहू द्या. तो म्हणाला, “माथामां वागे छे, बेन.” डोक्याला लागतात. मी म्हटलं, ओट्याच्या मागच्या बाजूच्या दोन, तिथून कुणी जात नाही. त्यानं वर बघितलं, खाली बघितलं. मग शिडीवरूनच म्हणाला, “दोरो बांधी दो, पछी कोई नहीं कापे.”

दोरा बांधा, मग कुणी कापणार नाही. इतक्या वर्षांत हे मला सुचलं नव्हतं, आणि ज्याचं काम कापायचं त्याला सुचलं. पौर्णिमेला मी आणि समोरच्या दोघी-तिघींनी सूत खोडाला न गुंडाळता त्या दोन पारंब्यांना सैलसं बांधलं, हळदकुंकू लावलं. एका आजींनी विचारलं, हे कुठल्या पोथीत आहे? मी म्हटलं, पोथीत झाडाचं नावच नाही, आजी. त्यांना ते आवडलं नाही. पण जाता जाता त्यांनीही एक वेढा दिला.

त्यातली एक नवरात्रात गेली. गरब्याच्या मंडपाच्या दिव्यांची माळ लावताना कुणीतरी सुतासकट कापली. दुसरी आहे. या पावसात ती बरीच खाली आली, आता टाईल्सपासून वीतभर वर आहे, आणि टोकं बाजूला वळायला लागली आहेत. तिच्या खालच्या चार टाईल्स उचलायच्या की नाही हा विषय सोसायटीच्या येत्या सभेत आहे, पार्किंगच्या पट्ट्यांनंतर, सहाव्या क्रमांकावर.